गाडीची सलग सीट

माझ्या जुन्या भागीदाराच्या भाचीचं लग्न गोंदियाजवळच्या कामठ्याला ठरलं आणि त्यासाठी तो नागपूरहून येणार आहे, हे मला बायकोकडून कळलं. त्याची बहीण घरी येऊन पत्रिका देऊन गेली होती. मी बाजारात होतो.

"त्यानं नाई पाठवली," मी म्हणालो.

"पोरीच्या मायनं देल्ली. मामा कायले पाठवीन?" बायको म्हणाली. मग भाजी चिरता चिरता वर न बघता तिने पुढचं सांगितलं. "गुडघ्याचं आपरेशन झालं मन्ते त्याच्या. पोराच्या उंच गाडीत चढता येत नाई, आन् लहान गाडीत वाकता येत नाई. स्टेशनावरून कामठ्याले कसा जाईन, याची बहिणीले काळजी."

मी जन्मभर धानाची दलाली केली. आपल्याला काय पाहिजे ते समोरच्याला दिसू द्यायचं नाही, ही पहिली शिकवण मी स्वतःच स्वतःला दिलेली आहे. पण माझी नजर खिडकीतून बाहेर गेली आणि ती बायकोने पकडली. बाहेर टिनाच्या छपराखाली, ताडपत्री पांघरून, आमची जुनी पांढरी गाडी उभी होती. त्या गाडीची सीट बरोबर खुर्चीएवढ्या उंचीची. दार उघडायचं, बसायचं, पाय आत घ्यायचे. चढणं नाही, वाकणं नाही.

"ते भंगार आता कोनाले बसाच्या लायकीचं रायलं नाई," बायको म्हणाली. हे ती मला अडवायला म्हणाली की डिवचायला, ते तिलाच ठाऊक.

आमची म्हणजे कोणाची, हे आधी सांगतो. गाडी मी आणि त्याने मिळून घेतली होती. तो कामठ्याच्या मजूर घरातला, मी सौंदडजवळच्या एका खेड्यातला, वाट्याला आलेल्या जमिनीत पोट भरणार नाही म्हणून गोंदियाला आलेला. बाजारात आम्ही दोघांनीही आधी पोती उचलली. मग तोलाई केली. मग सायकलवर नमुने घेऊन मिल-मिल फिरलो. आमच्या जातीही वेगळ्या आणि सणही वेगळे. सकाळी भेटलो की तो म्हणायचा "जयभीम", मी म्हणायचो "रामराम", आणि दोघं एकदमच बोलत असल्यामुळे कोणी कोणाला उत्तर दिलं हे कधी कळलंच नाही. पुढे एका म्हाताऱ्या ठेकेदाराकडून ही गाडी मिळाली आणि आम्ही सायकलवरून उतरलो.

गाडीत पुढे दोन वेगळ्या खुर्च्या नव्हत्या. या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग सीट होती, घरातल्या बाकासारखी. गिअरचा दांडा खाली नसून स्टिअरिंगच्या बगलेला, डाव्या हाताशी. त्यामुळे आमच्या दोघांच्या मध्ये काहीच नव्हतं. होती ती नुसती जागा, आणि त्या जागेवर त्याच्या खांद्यावरचा दुपट्टा पडलेला असायचा.

आमचा धंदा त्या दुपट्ट्याखाली चालायचा. बैलांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात, ते सर्वांना माहीत आहे. आम्ही ते विकणाऱ्याशी करत नव्हतो. आपसात करत होतो. तिरोड्याकडच्या एखाद्या गावात बांधावर गाडी थांबवायची. शेतकरी खिडकीशी यायचा, ओंजळीत धान घेऊन. भागीदार चिमूटभर उचलायचा, दोन तळव्यांत घोळवायचा, फुंकर मारून तूस उडवायचा आणि एक दाणा दातांखाली धरायचा. कट्ट वाजला तर वाळलेला. नुसता दबला तर ओला. चेहऱ्यावर काही नाही. दुपट्ट्याखाली मात्र त्याचा उजवा हात माझ्या डाव्या हाताला सगळं सांगायचा. एक बोट दाबलं की थोडं वाढव. मूठ मिटली की गाडी सुरू कर, हा देत नाही. पूर्ण पंजा धरला की सौदा पक्का.

बोलायचं काम माझं. आवाज माझा, राग माझा. माझा राग खरा असायचा हेच आमचं भांडवल होतं, असं तो म्हणायचा. पण कधी कधी माझा राग हद्द सोडायचा, समोरचा माणूस दुखावून निघून जाईल अशी वेळ यायची. तेव्हा तो दुपट्ट्याखाली माझी करंगळी धरून दाबायचा. करंगळी म्हणजे गप्प. मला माझ्या बापाने गप्प केलं नाही, बायकोची तर छाती नाही. त्या करंगळीने मी गप्प व्हायचो.

मग एका हंगामाच्या सुरुवातीला तो आला नाही. मी त्याच्या घरी निरोप धाडला, तर बाहेर गेलाय एवढंच कळलं. मी एकटाच नमुना घेऊन एका मोठ्या मिलवर गेलो. खरेदीच्या टेबलापलीकडे तोच बसलेला होता. मिलचा माणूस म्हणून. खुर्चीवर, पंख्याखाली. शेजारी मालक.

त्याने माझा धान घेतला, घोळवला, फुंकला, दाणा चावला. आणि सर्वांसमोर म्हणाला, "ओला आहे."

धान ओला नव्हता. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो. मी स्वतः अंगणात पसरून, उलथून वाळवला होता. मी टेबलावर हात आपटून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझी करंगळी त्याच्या हाताला लागणार नव्हती, मध्ये टेबल होतं. नोकरी धरायची तर धर, माणसाला पोरंबाळं असतात. पण आदल्या दिवशी सांगायला तोंड नव्हतं का? आणि धान ओला म्हणायची काय गरज होती? गाडीतला त्याचा हिस्सा त्याने मागितलाही नाही. मागितला असता तर निदान भांडता आलं असतं.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. तो पुढे मुलाकडे नागपूरला गेला. मी नवी गाडी घेतली, मग आणखी नवी. ही मात्र विकली नाही. पुष्कळ गिऱ्हाइकं आली. प्रत्येकाला मी असा भाव सांगितला की तो परत आला नाही.

पत्रिका आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ताडपत्री काढली. "इंजन ठीक आहे, चालू ठेवत आलो म्हणून," मी बायकोला ऐकू जाईल असं म्हणालो. "आतून थोडी साफ करतो. विकाले बरी पडंल."

"हो जी. विकाच," ती म्हणाली.

दार उघडलं तेव्हा आतून उंदरांचा आणि जुन्या काथ्याचा वास आला. छताचं कापड सुटून पोटासारखं खाली लोंबत होतं. दारांच्या आतल्या पाट्या ओल लागून फुगल्या होत्या. सीटचं रेक्झिन उन्हाने तडकून त्यातून नारळाचा काथ्या बाहेर आलेला. मी सीटचे बोल्ट सोडवायला बसलो. ते गंजून असे धरून बसले होते की रॉकेल पाजून संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. शेवटी सीट मी आणि बायकोने धरून अंगणात आणली. मग मी खालची चटई उचलली.

खाली तूस होतं. वर्षानुवर्षांचं, दबून थर झालेलं. सगळं डाव्या बाजूला. उजवीकडे, माझ्या पायाखाली, नुसती माती. मी तिथे वाकलेला होतो तो तसाच राहिलो. किती गावांचा धान त्याने त्या जागेवर फुंकला होता! बायको झाडू घेऊन मागे उभी होती. तिने घाई केली नाही. मग मीच तिच्या हातून झाडू घेतला आणि सगळं बाहेर लोटलं. शेजारच्या कोंबड्या धावत आल्या. उंदरांनी सोडलेले चार दाणे त्यांनी टिपले आणि तूस पायांनी उडवून दिलं.

आता चूक सांगतो. चूक कसली, हुशारीच होती ती, आणि माझ्यासारख्यालाच सुचणारी. गोंदियात बाजारामागे एक सीटवाला आहे. मी त्याला घरी बोलावून सांगाडा दाखवला. तो म्हणाला, "सेठ, इसमें क्यों पैसा डालते हो? नयी गाड़ी की दो बकेट सीट पड़ी हैं मेरे पास. एकदम कमर को पकड़ लेगी. बीच में आर्मरेस्ट, चाय का गिलास रखने की जगह. गाड़ी मॉडर्न हो जायेगी."

कमरेला धरणारी सीट. मी मनात गुडघे आणि कंबर यांचा हिशोब केला. ऑपरेशन झालेल्या माणसाला चांगलीच. मग आमची घासाघीस झाली. तो चिडला, मी त्याच्यापेक्षा जास्त चिडलो, तो उठून फाटकापर्यंत गेला, मी हाक मारली नाही, तो परत आला. शेवटी मी जुनी सीट मोबदल्यात त्याच्या गळ्यात मारली आणि वर दोन्ही सीट बसवून घेतल्या. तो गेल्यावर मी मिशीवरून हात फिरवला. गोंदियात इतका चांगला सौदा त्या महिन्यात कोणी केला नसेल.

बायकोला म्हटलं, बसून बघ. ती डावीकडे बसली, मी उजवीकडे. सीटने खरंच कंबर धरली. दोघांच्या मध्ये काळ्या प्लास्टिकची पेटी, तिच्यात गिलासाची दोन भोकं.

बायको समोर बघत म्हणाली, "बँकेत बसल्यासारखं वाटून रायलं. तुमी त्या खिडकीत, मी ह्या खिडकीत. का काम आहे बोला."

मी हसलो आणि हसता हसता डावा हात सवयीने खाली टाकला. तो पेटीवर आपटला. पुन्हा टाकला, पुन्हा पेटी. हात ठेवायला जागाच नव्हती. जिथे दुपट्टा पडायचा तिथे आता चहाचा गिलास राहणार होता.

"का झालं?" बायकोने विचारलं.

"काई नाई. बाजारात जाऊन येतो."

सीटवाल्याच्या दुकानासमोर आमची सीट मांडलेली होती. रेक्झिन सोलून, वर फळी टाकून त्याने तिचा गिऱ्हाइकांसाठी बाक केला होता. दोन माणसं तिच्यावर बसून पान खात होती. मी त्यांना उठा म्हणालो. ती उठेनात. मी आवाज चढवला तेव्हा सीटवाला बाहेर आला, त्याने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. दलालाच्या जन्मात याहून वाईट क्षण नाही.

"चाहिये ना सेठ?" तो गोड आवाजात म्हणाला. "अब तो ये दुकान की शोभा है."

मी त्याने सांगितला तो भाव दिला. बकेट सीटही परत दिल्या, त्याने ठरवलेल्या भावात. घासाघीस केली नाही. तो इतका बावरला की सीट टेम्पोत चढवायला स्वतः आला आणि वर दोन मीटर रेक्झिन फुकट दिलं.

त्यानंतर सीटचं काम मी कोणाला दिलं नाही. घरच्या अंगणात केलं. सांगाडा लोखंडी ब्रशने घासून काळा रंग लावला. स्प्रिंगा सैल झाल्या होत्या, त्या सुतळीने एकमेकींना ओढून बांधल्या. स्प्रिंगांवर काय घालायचं याचा विचार करावा लागला नाही. घरात जुना बारदाना होता, धानाची रिकामी पोती. धुऊन, उसवून, दुहेरी करून तो ताणला. त्यावर नारळाचा काथ्या. नुसता फोम घातला असता तर काम लवकर झालं असतं, पण फोमवर माणूस एकटा दबतो. जुन्या सीटवर एकजण बसला की दुसऱ्याला कळायचं, बाक जरासा हलायचा. तेवढं मला पाहिजे होतं. वरून पातळ फोम, मग रेक्झिन. पहिला रंग पिकलेल्या जांभळासारखा होता. तो कुठे मिळाला नाही. तपकिरी घेतला.

छताचं कापड बायकोने आपल्या मशीनवर शिवलं. चार वेळा अंगावरच्या ब्लाउजसारखं मोजायला लावलं आणि मोजताना माझ्यावर ओरडली. ते लावताना आम्ही दोघं गाडीत उताणे पडलो होतो, हात वर, तोंडावर सोल्यूशनचा वास. ती अचानक म्हणाली, "त्याले इचारान ना?"

"का?"

"काऊन गेला ते. नाई तर एवढं कायले करून रायले?"

"इचारीन," मी म्हणालो. "तोंडावर इचारीन. आन् धानाचंही इचारीन."

"मंग झालं," ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती. तिला माझा राग ठाऊक आहे.

दारांच्या पाट्या नव्या कापल्या. खाली नवा गालिचा टाकला. फोन चार्ज करायचं बटण बसवलं, कारण आता म्हातारेही फोन हातात धरूनच बसतात. बायकोने परस्पर त्याच्या बहिणीला फोन लावून सांगून टाकलं, "आमचे हे स्टेशनावर येतात जी घ्याले." मी तिच्यावर ओरडलो. मग नवा शर्ट काढ म्हणालो.

स्टेशनावर तो रेल्वेतून उतरला तेव्हा मी ओळखला तो खांद्यावरच्या दुपट्ट्यावरून. केस गेले होते. हातात काठी. माझ्यासमोर येऊन थांबला.

"जयभीम."

"रामराम."

दोघं एकदमच बोललो. मी त्याची बॅग घेतली. गाडीपाशी आल्यावर त्याने मागचं दार उघडलं. मागे बसला, तर मी ड्रायव्हर. मग बोलायचं काय आणि विचारायचं काय? त्याने बॅग मागे ठेवायला लावली, दार लावलं, काठी टेकत टेकत पुढे आला आणि डावीकडे बसला. पाय आत घेतले. बाक जरासा हलला.

बराच वेळ तो तळहात रेक्झिनवरून फिरवत राहिला. मग एका जागी दाबून पाहिलं.

"काथ्या टाकला का गा?"

"हो."

"बारदाना?"

"खाली आहे."

"कितीत पडली?"

"तुले का कराचं आहे?"

"म्हंजे फसला," तो म्हणाला आणि बाहेर बघत हसला.

गावाबाहेर रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. पुढे धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर उभा, मागे ट्रक आणि मोटरसायकली. मालगाडी यायची होती. इंजिन बंद केलं. आता विचारायचं, मी ठरवलं. तोंड उघडलं, पण इतकी वर्षं मनात तयार ठेवलेलं वाक्य बाहेर येताना फारच लहान वाटत होतं.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाला खाली उतरून आमच्या खिडकीजवळून चालला होता. भागीदाराने त्याला हाक मारली. "दोन दाने दे गा, पाहाले." ट्रॅक्टरवाल्याने फाटक्या पोत्यातून चिमूट काढून दिली. ह्याने ती तळव्यांत घोळवली, फुंकर मारली. तूस माझ्या नव्या गालिच्यावर पडलं. दाणा दातांखाली धरला. कट्ट. मलाही ऐकू आला.

"मस्त वाळला आहे," तो म्हणाला. दुपट्ट्याला हात पुसले आणि दुपट्टा आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर टाकला. मग समोर फाटकाकडे बघत म्हणाला, "तुया ओलाच होता."

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. "अबे, अंगनात उलथून वाळवला होता मी! तुले त्या मालकासमोर माही लाज काढाची होती. आन् जाचं होतं त सांगून जाता येत नव्हतं? काऊन गेलास बे? काऊन..."

ट्रॅक्टरवाला वळून बघू लागला. मागचा मोटरसायकलवाला पुढे झुकला. माझा आवाज कुठवर गेला असता मला माहीत नाही. दुपट्ट्याखाली काहीतरी चाचपडत आलं. म्हातारा, कोरडा, हाडं लागणारा हात. त्याने माझी करंगळी शोधली आणि दाबली.

मी गप्प झालो.

तो समोर बघत होता, मीही. मालगाडी आली. एकामागून एक कोळशाचे डबे, तिरोड्याच्या वीजघराकडे जाणारे असतील. त्यांच्या धडधडाटात बोलून उपयोग नव्हता. त्याने करंगळी सोडली नाही. धान ओला होता की नव्हता, तो का गेला, यातलं काहीच त्याने सांगितलं नाही. पुढेही सांगेल असं मला वाटत नाही. मी अजूनही म्हणतो, नव्हता.

फाटक वर गेलं. ट्रॅक्टर धूर सोडत पुढे निघाला. मागून ट्रकने हॉर्न दिला, मग सगळ्यांनीच. मी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं. गिअर टाकायला डावा हात लागतो. डावा हात दुपट्ट्याखाली होता.

"चाल ना बे," तो म्हणाला. "लोक शिव्या देऊन रायले."

"देऊ दे," मी म्हणालो.